सासूबाईंची दुपारची झोप
अंगणातल्या जुन्या वॉकरवर धुणं वाळत घालताना मला ती दुपार आठवते. सासूबाईंचा गुडघा बदलून पंधरा दिवस झाले होते. रात्रभर ठणका लागायचा, झोप नसायची, मग व्यायामाला पाय वाकायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आधी झोप होऊ द्या. पण दुपारी जरा डोळा लागला, की कोणीतरी भेटायला यायचं आणि आम्ही त्यांना उठवून बसवायचो. आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? त्या दिवशी पिंगळीहून त्यांच्या दोन जावा केळी घेऊन आल्या. आत सासूबाई नुकत्याच घोरायला लागल्या होत्या. थोरांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं, तरी दारात आडवी बसले आणि खाली बघत म्हणाले, "आत्याबाई झोपल्यात. उठवायचं न्हाई." थोरली जाऊ धाकटीला म्हणाली, "बघ गं, मुकी बोलायली." मग दोघी माझ्याजवळच बसून हळू आवाजात बोलत राहिल्या. सासूबाई तीन तासांनी उठल्या आणि संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच न कण्हता पाय वाकवला. आता त्या वॉकरशिवाय चालतात. दुपारी माझा डोळा लागला, की दारात खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला दटावतात, "सून झोपलीय. उठवायचं न्हाई."