उलटचाल्याचे गमबूट

त्याच्या पायांची मला किळस यायची. आधी तेच सांगते, कारण तो आठवला की पहिले पायच डोळ्यांसमोर येतात. बोटांच्या बेचक्यांत पांढरी कुजकी कातडी, टाचांना भेगा आणि वास असा, की मी त्याचं ताट दाराशीच वाढायची. "तिथेच बस. आत आलास तर बाकीचे उठून जातील." तो हसायचा आणि उंबऱ्याबाहेर पाय मांडीखाली दडपून निमूट जेवायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत माझी खानावळ होती. तो देवगडकडचा, चाळिशीतला, एकटा. वरच्या मजल्यावर भाड्याच्या खाटेवर राहायचा. काम व्हिडिओ कॅमेऱ्याचं. गणपतीचं आगमन, दहीहंडी, विसर्जन, सगळं उघड्यावरचं आणि सगळं पावसातलं. मिरवणुकीत मूर्तीकडे तोंड करून, खांद्यावर कॅमेरा घेऊन तो तासन्‌तास मागे मागे चालायचा. म्हणून चाळीने त्याचं नाव उलटचाल्या ठेवलं.

स्वतःला एक रेनकोट नव्हता, कॅमेऱ्याला दोन होते. माझ्याकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन न्यायचा. काच पुसायला माझ्या जुन्या सुती पातळाचे तुकडे मागायचा आणि ते कोरडे राहावेत म्हणून टोपीखाली डोक्यावर ठेवायचा.

"अरे मेल्या, स्वतःच्या अंगावर घे की काहीतरी."

"मावशी, माझी कातडी सुकते. ह्याची सुकत नाही."

मंडळाने छत्री धरायला एक कार्यकर्ता दिलेला असायचा. ती छत्री कॅमेऱ्यावर. खाली माणूस निथळतोय, त्याचं कोणाला काही नाही.

आमच्या मंडळाची रीत अशी, की मूर्तीपुढे चालणाऱ्याच्या पायात वहाण नको. पहिल्या वर्षी तो सँडल घालून आला, तेव्हा "काढ त्या आधी, देवासमोर आहेस" असं भर रस्त्यात त्याच्यावर ओरडणारी मीच. ते लपवत नाही. त्याने सँडल काढून माझ्या हातात दिल्या. मग दुसऱ्या मंडळांतही तो अनवाणीच चालायला लागला.

आणि तो रस्ता! तुंबलेल्या गटाराचं पाणी घोट्याच्या वर, त्यात पानाच्या पिचकाऱ्या, चेंदलेली फुलं, नारळाच्या करवंट्या. एकदा फुगलेली मेलेली घूस तरंगत आली. सरळ चालणारा निदान बघून पाऊल टाकतो. ह्याला मागे काय आहे ते पायालाच कळायचं. एका वर्षी खिळा घुसला, तरी कॅमेरा हलला नाही म्हणून पोरं टाळ्या वाजवत होती. मी नाकाला पदर लावून आत निघून गेले.

सहाव्या वर्षी मी बाजारातून काळे गमबूट आणले आणि त्याच्यासमोर आदळले. मंडळाचा सेक्रेटरी तिथेच चहा पीत होता.

"मावशी, मूर्तीसमोर बूट? सगळं लाइव्ह जातंय. लोक काय म्हणतील?"

"लाइव्हमध्ये ह्याचे पाय दिसतात का रे?"

"तसं नाही, पण रीत आहे ना."

"मग तू चाल अनवाणी. उलटा चाल."

उलटचाल्या मध्ये पडला. "जाऊ दे ना मावशी. बाप्पासाठी आहे."

"बूट घालशील तर जेवायला ये. नाहीतर येऊ नकोस," मी म्हटलं. तो बूट घेऊन गेला.

आगमनाच्या दिवशी पाऊस कोसळत होता. मी गॅलरीतून बघत होते. बूट होते, पण सुतळीने गळ्यात लटकवलेले. वरून दुधाच्या पिशव्या बांधलेल्या. बॅटऱ्या कोरड्या राहाव्यात म्हणून त्याने त्या बुटांत ठेवल्या होत्या! पाय उघडे, त्याच घाणीत. मला बघून त्याने खालून अंगठा वर केला. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लंगडत दाराशी आला. तळव्याला चीर पडली होती. मी ताट वाढलं नाही. गरम पाण्यात मीठ टाकून बादली पुढे सरकवली. "पाय बुडव आणि जा." तो तेवढंच करून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, एकही बॅटरी भिजली नाही."

आठवड्याने ताप भरला. डोळे हळदीसारखे पिवळे. मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, उंदराच्या मुताचं पाणी जखमेतून अंगात गेलं. पाचव्या दिवशी गेला. माझ्याकडचं शेवटचं जेवण त्याला मिळालं नाही. ते मीच ठरवलं होतं.

मंडळाने नाक्यावर फ्लेक्स लावला. "बाप्पाचा निष्ठावंत सेवक." फोटो छातीपर्यंतच होता. त्याच्या खाटेखाली सापडलेले बूट सेक्रेटरी मला परत द्यायला आला. "आत बॅटऱ्या होत्या, त्या काढून घेतल्या, मावशी." मी हात घालून बघितलं. आतून ठणठणीत कोरडे. कोणाचा पाय कधी गेलाच नव्हता.

मला ते मोठे होतात. चिंध्या कोंबून घालते. आगमनाला आता गॅलरीत थांबत नाही, खाली उतरते आणि मूर्तीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहते. दर वर्षी कोणीतरी म्हणतंच, "मावशी, बाप्पासमोर बूट?"

"तो अजून काही बोललेला नाही," मी सांगते. "तू गप्प बस."