विदाउट

ऑफिसात मला विदाउट म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. "काय गा विदाउट, डबा खाऊन राहिला का?" नव्याने लागलेल्या एका कारकुनाला तर ते माझं आडनावच वाटलं होतं. त्यानं एकदा कागदावर तसं लिहूनही आणलं.

नागपुरात, सदरमधल्या एका मँगनीज कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. खनिज धुण्याची यंत्रं घ्यायची म्हणून कंपनीनं आमच्या चीफ इंजिनिअरांना पॅरिसला पाठवायचं ठरवलं आणि नकाशे समजावून सांगायला सोबत मला. स्टेशनवर हार घालायला मौद्याहून सासरची माणसं आली होती. बायको नवं लुगडं नेसून मागे उभी होती. तेवढं कौतुक माझ्या वाट्याला त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही.

परकीय चलन तेव्हा मोजकंच मिळे. ते साहेबांकडे होतं. रोज सकाळी हॉटेलातून विक्रेत्यांच्या ऑफिसला जमिनीखालच्या मेट्रोनं जायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी खिडकीवर दोन पुडकी घेतली, दहा-दहा तिकिटांची. एक स्वतःजवळ ठेवलं, एक मला दिलं. कुठंही उतरा, भाडं एकच, याचं मला फार नवल वाटलं. आपल्याकडे सिटी बसचा कंडक्टर एक थांबा पुढे गेलं तरी पैसे मागायचा. फाटकाजवळ खुर्चीत बसलेली बाई तिकिटाला टचकन भोक पाडायची आणि आपण आत.

आत गेल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही तिकडे, मागच्या डब्यात. तुमचं तिकीट दुसऱ्या वर्गाचं आहे."

गाडीला हिरवे डबे आणि मधोमध एक लाल. लाल तो पहिला वर्ग. साहेब त्यात बसायचे, मी हिरव्यात. कुठं उतरायचं ते स्टेशनचं नाव मला वाचता येईना, म्हणून बोटांवर स्टेशनं मोजायचो. नववं आलं की उतरायचो. साहेब जिन्यापाशी थांबलेले असायचे, घड्याळ बघत. त्याचं मला काही वाटलं नाही. ऑफिसातही त्यांचा चहा वेगळ्या कपात यायचा.

चौथ्या दिवशी गाडीत चढताना साहेबांनी हाक मारली. "इकडे या. बैठकीआधी मला पंपाचा आकडा बघायचाय."

"साहेब, माझं तिकीट..."

"अहो, या हो. कोण बघतंय!"

मी लाल डब्यात चढलो. नकाशांची नळी उघडून मांडीवर कागद पसरला. दोन स्टेशनं गेली असतील, तेवढ्यात टोप्या घातलेले दोन तपासनीस आले. साहेबांनी तिकीट दाखवलं. मी माझं दाखवलं. तपासनीसानं मान हलवली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. साहेबांना थोडं फ्रेंच येत होतं, त्यासाठी ते निघण्याआधी दोन महिने फ्रेंच शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे जात होते. मी म्हणालो, "साहेब, यांना सांगा ना, तुम्हीच बोलावलं म्हणून."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बोगद्याची काळी भिंत होती.

मी पुन्हा म्हणालो, "साहेब." समोरची बाई माझ्याकडे बघायला लागली. साहेबांनी मान वळवली नाही.

पुढच्या स्टेशनावर मला उतरवलं. बायकोला मनगटी घड्याळ घ्यायचं म्हणून साहेबांनी दिलेल्या रोजच्या भत्त्यातले वाचवलेले फ्रँक खिशात होते, ते दंडात गेले. पावती मिळाली. साहेब त्याच गाडीनं पुढे गेले होते. मी स्टेशनं मोजत, विचारत तासाभरानं पोचलो, तेव्हा ते यजमानांबरोबर कॉफी घेत होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "परक्या देशात तमाशा नको होता."

मी हेही गिळलं असतं. पण नागपूरला परतल्यावर ऑफिसात चहा-चिवडा झाला. सगळे जमले आणि साहेब रंगात आले. "आमचे हे! पॅरिसच्या मेट्रोत विदाउट पकडले गेले! मी म्हणतो, अहो, देशाची तरी अब्रू राखा!" हशा उसळला. आणि मीही हसलो. सर्वांबरोबर, चिवड्याची बशी हातात धरून.

महिन्याभरात ती गोष्ट आमच्या गल्लीत आली. बायकोनं नळावर ऐकली. जेवताना विचारलं, "काहून हो, तिथं बिनातिकिटाचे सापडले म्हणतात तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी अर्धी टाकून ऐकलं.

"मंग तिथंच काहून नाही बोलले?"

"भाषा येत नव्हती."

"अन् इथं? इथं तं येते ना भाषा."

तिनं ताट उचललं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी धीर करून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. म्हणालो, "साहेब, त्या दिवशी तुम्ही मला डब्यात बोलावलं होतं. तिकीटही होतं माझ्याजवळ."

त्यांनी चष्मा काढला. खरंच आठवत असल्यासारखे छताकडे बघत राहिले. "छे हो. तुम्हीच आलात. लाल डबा बघायची हौस होती तुम्हाला. मीच म्हणालो होतो, जपून." ते खोटं बोलत होते असं मला आजही म्हणता येत नाही. इतक्यांदा सांगून त्यांना ते तसंच आठवत होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

मी रामटेककडच्या खाणीवर बदली मागून घेतली. पगार तोच, घर पत्र्याचं. बायकोनं सामान बांधलं. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. आठ-दहा दिवस बरे गेले. मग नागपूरहून यंत्राचे भाग घेऊन ट्रक आला. ड्रायव्हर मला नवा होता, पण फाटकातूनच ओरडला, "विदाउटसाहेब कोण हाय गा इथं? सही पायजे!"

बायको दारात तांदूळ निवडत होती. मी उठलो आणि सही केली.