रियाजभाईंची पट्टी

आमच्या चाकणच्या शाळेतल्या स्वरूपाबाईंना एक खोड आहे, कुठलाही प्रश्न त्यांना अर्धवट सोडवत नाही. त्यांनी सातवीच्या मुलांचा ब्लॉग सुरू केला, तेव्हा मी, गणिताचा मास्तर, नाक मुरडून म्हणालो, "वहीतलं कोणी वाचत नाही, हे कोण वाचणार?"

"तेच तर बघायचंय," बाई म्हणाल्या.

पहिला विषय दिला, घरातलं माणूस कंपनीत नेमकं काय बनवतं. बहुतेकांनी 'गाडीचे पार्ट' एवढ्यावर भागवलं. आरफाने मात्र लिहिलं, "माझे अब्बा अकरा वर्षं एकच लोखंडी पट्टी बनवतात. ती कुठे बसते ते त्यांना माहीत नाही. सुपरवायझर म्हणतो, तुला काय करायचंय? कोणाला माहीत आहे का?" कंपनीत मोबाईल गेटवरच जमा होतो, म्हणून फोटो नव्हता. तिच्या अब्बांनी, रियाजभाईंनी, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवणीतून चित्र काढून दिलं होतं, तेच ब्लॉगवर टाकलं. तीन भोकं आणि एक बाक.

बाई रोज मधल्या सुट्टीत ब्लॉग उघडून बसायच्या. आरफा दारातून डोकावून जायची. आठवडा गेला, उत्तर नाही. मलाही चैन पडेना. रस्त्यात उभ्या गाड्यांखाली मी वाकून बघायला लागलो होतो, हे सांगायला लाज वाटते.

बाराव्या दिवशी जुन्नरच्या एका गॅरेजवाल्यांचं, अर्जुनरावांचं उत्तर आलं. "छोट्या टेम्पोचा मागचा फाळका ह्याच पट्टीवर उघडतो."

दुसऱ्या दिवशी रियाजभाई अर्धी रजा टाकून शाळेत हजर. "मॅडम, आमच्या गल्लीत भाजीचा तसलाच टेम्पो येतो. रोज त्याच्या फाळक्याला टेकून मी चहा पितो. आज वाकून बघितलं, माझीच पट्टी आहे. त्या मेस्त्रींना एक विचारू का?"

बाईंनी खुर्ची पुढे केली. एका बोटानं रियाजभाईंनी टाईप केलं, "ती कधी तुटते का?"

मग ते व्हरांड्यात बसून राहिले. तासाभरानं अर्जुनरावांनी लिहिलं, "टेम्पोचं समदं बदललंय म्या. पाटे, दारं, इंजिन. ही पट्टी अजून एकबी बदलायला आली न्हाई."

रियाजभाईंनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कागदावर मिळेल का? सुपरवायझरला दाखवायचंय."

प्रिंटर मुख्याध्यापकांच्या खोलीत होता. कागद आणायला मीच धावलो.