वाढदिवसाच्या पिशव्या

आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात साहेबांचा वाढदिवस जुलैमध्ये येतो. साहेब म्हणजे गावचे नेते. त्या दिवशी ज्याने रक्त दिलं नाही तो आजारी तरी असतो किंवा विरोधी गटाचा. देवळाच्या मंडपात खाटा मांडतात, मागे फलक लावतात आणि फलकावर साहेबांचा फोटो खाटांपेक्षा मोठा असतो. साहेबांना मधुमेह आहे. त्यामुळे ते स्वतः आडवे होत नाहीत, दात्याच्या कपाळावर हात ठेवून फोटोग्राफरकडे बघतात.

या रक्तदान शिबिराची बातमी मी वर्षानुवर्षं दिली. 'उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द दरवर्षी वापरले. गेल्या वर्षी तर प्रतिसाद इतका उत्स्फूर्त होता की मोप्याच्या एका बांधकामावरचे बेळगावकडचे कामगार ठेकेदाराने ट्रकमध्ये घालून आणले. मी रक्त दिलं नाही. मी आकडा टिपत होतो.

त्या शिबिरानंतर तीन आठवड्यांनी शेजारच्या मुलीला रक्त चढवलं. ती नऊ वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया आहे, म्हणजे तिच्या शरीरात धड तांबडं रक्त तयार होत नाही. साधारण तीन आठवड्यांनी एक पिशवी लागते. हे जन्मभर. त्या वेळी मात्र तिच्या दृष्टीने महत्त्वाचं काही वेगळंच होतं. चतुर्थीच्या फुगडी स्पर्धेत शाळेच्या पथकात तिला घेतलं होतं, तेही आतल्या रिंगणात.

दोन आठवडेही झाले नसतील, ती शाळेतून येताना आमच्या पायरीवर दप्तर घेऊन बसली. उठायला तयार नव्हती. त्या संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. पेपरवाल्याची सगळीकडे ओळख असते असा गावाचा समज आहे.

"काका, मागची पिशवी टिकूक ना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणता, ताजी मेळली तर बरी. तुमी जरा विचारून बघा."

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळाच्या रक्तपेढीत गेलो. तिथला तंत्रज्ञ मूळचा कोल्हापूरचा. त्याने फ्रीजचं दार उघडून एक कप्पा दाखवला. ओ निगेटिव्ह, मुलीचाच गट. सगळ्या पिशव्यांवर तारीख एकच होती.

"ओळखीची तारीख वाटते का, सर?"

मी म्हटलं, बातमी मीच दिली होती.

"छान होती. मुदत बेचाळीस दिवसांची. आता चढवली तर संपायला आठवडा उरतो. नियमात बसतं."

"मग अडचण काय?"

त्याने टेबलावरच्या कागदी पिशवीतून पोई काढली, आमच्याकडचा चपटा गोल पाव. पाववाल्या पोदेराकडची, सकाळची. ती दुमडून पुन्हा सोडली. "तांबडी पेशी अशी असते. सगळ्यांत बारीक रक्तवाहिनी हिच्यापेक्षाही अरुंद. दुमडून घुसावं लागतं, पलीकडे जाऊन परत चपटं व्हावं लागतं. फ्रीजमध्ये हिची ताकद हळूहळू संपते. कातडीचे कण गळतात, काहींना काटे फुटतात, काही गोल होतात. चार दिवसांची पोई दुमडून बघा."

"मोडते."

"पेशी मोडतेच असं नाही. ताठ होते. आणि ताठ माल पानथरी, म्हणजे प्लीहा, गाळून टाकते, तिचं कामच ते. म्हणजे पिशवी पूर्ण चढवली तरी त्यातल्या बऱ्याच पेशी लवकर बाद. अपघातात, ऑपरेशनात जुन्या रक्ताने एरवी फारसं बिघडत नाही, तसा अभ्यासही झालाय. पण हिला त्याच पेशींवर तीन आठवडे काढायचे असतात. तेवढे निघत नाहीत. मागची पिशवीही जुनीच होती."

"मग ताजी द्या."

"आणा की दाता. एक पुरे. हिच्या नावाने ठेवतो."

युवक मंडळाकडे रक्तगटांची यादी होती. ओ निगेटिव्ह सात जण. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून मी एकेकाला फोन लावला. आई दारात उभी होती. मुलगी माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

पहिला चोपड्याचा, होडीवाला. "आमी दिलां मरे साहेबाच्या वाडदिसाक. आतां तीन म्हयने सुटी."

दुसरा मुरगावला गोदीत कामाला. खास रजा काढून आला होता, वाढदिवसाला. तिसरा म्हणाला, "फोटोत दिसूक ना काय मी? पयल्याच खाटीर." बाकीचे चौघेही त्याच मंडपात, त्याच सकाळी आडवे झाले होते. दोन दानांमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं. अजून निम्मेही दिवस झाले नव्हते. वर्षाची गरज गावाने एका सकाळी भागवली होती, आणि मी ती पहिल्या पानावर नेली होती.

यादी संपली. मुलीने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून वाचलं.

"आई, काकाचो पण ओ निगेटिव्ह."

आईने तिच्या हातातून ओळखपत्र सोडवून घेतलं. गावच्या रीतीने तिला माझ्याकडे रक्त मागता येत नव्हतं.

"काका, तुमी वाडदिसाक दिलां?"

"ना."

"कित्याक?"

का, तर बातमीदाराने तटस्थ राहायचं असतं, हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगून पाहिलं. तिने विचारलं, सुईक भियेता काय. मी हो म्हटलं.

सकाळी रक्तपेढीत डॉक्टरने वय विचारलं. सत्तावन्न. पूर्वी किती वेळा दिलंय, विचारलं. त्या रकान्यात शून्य लिहिलं. तंत्रज्ञाने सुई टोचताना शिबिरांची चौकशी केली, म्हणजे माझं लक्ष दुसरीकडे राहील. शेवटी बिस्किटं आणि प्रमाणपत्र मिळालं. कोरी प्रमाणपत्रं संपली होती म्हणून शिबिरातलं उरलेलं दिलं. त्यावर साहेबांचा फोटो आहे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत.

चाचण्या झाल्या आणि पिशवी दुसऱ्या दिवशी चढली. चतुर्थीच्या स्पर्धेत मुलगी आतल्या रिंगणात शेवटपर्यंत फिरली. पथकाचा नंबर आला नाही. तिला दम लागला, पण बाकीच्या पोरींनाही लागला होता, एवढं मी नीट बघून घेतलं. पुढची पिशवी लागेपर्यंत तीन आठवडे आणि वर दोन दिवस गेले.

नंतर मी मंडळाच्या सचिवाला म्हटलं, ही सात माणसं वाढदिवसाला बोलावू नका; वर्षभरात पाळीपाळीने देऊ देत.

"मगे फोटो?" त्याने विचारलं.

"फोटो प्रत्येकाचा वेगळा काढू."

"साहेब दर फावट खंयचे येतले?"

दर खेपेला साहेब येणार कुठून, हा मुद्दा बिनतोड होता. मी सातही जणांना स्वतः जाऊन भेटलो. सहा जण कबूल झाले. पहिल्या खाटेवाला म्हणाला, बघतां. यादी आता माझ्या टेबलावर काचेखाली आहे. नावांपुढे महिने लिहिलेत, आठवं नाव खाली पेनने घातलंय.

यंदाच्या शिबिराची बातमी मीच दिली. दात्यांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा सहाने कमी होती. मी 'प्रतिसाद किंचित घटला' असं लिहिलं. साहेबांच्या माणसाने फोन करून विचारलं, हे लिहायची गरज होती काय. आकडा बरोबर आहे, एवढंच मी सांगितलं. कारण बातमीत दिलं नव्हतं. ते त्या सकाळी शाळेच्या गणवेशात आमच्या पायरीवरून उड्या मारत खाली उतरलं.