गारव्याच्या पाठची गरम नळी

भर मे महिन्यात मी इस्पितळाच्या गच्चीवर जाऊन गरम पाण्याचा कॉक बंद केला. बायकोच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. तिचा टॉवेल वाळत घालायला गेलो, तर नळी चटका बसेल इतकी तापलेली. घरातले गीझर बंद करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात आपोआप वळला. अर्ध्या तासात खालच्या एसी वॉर्डात उकडू लागलं. बायकोच्या कपाळावर घाम बघून मी घाबरलो आणि गारव्याचं यंत्र सांभाळणाऱ्या शिंदेमामांना सगळं कबूल केलं.

"अहो साहेब, ह्या गरम पाण्यावरच तर गारवा चालतो!" कॉक सोडत ते म्हणाले. "यंत्राच्या टाकीतली हवा काढलेली असते, म्हणून आतलं पाणी थंड असतानाच उकळतं आणि इमारतीची उष्णता ओढून घेतं. ती वाफ मग यंत्रातलंच खारं पाणी पिऊन टाकतं. त्याचं पोट भरलं, की ह्या गरम नळीनं तापवून ओल बाहेर काढायची. ते पुन्हा प्यायला मोकळं!"

मला आमची मिठाची बरणी आठवली. पावसाळ्यात मीठ ओलं झालं, की बायको ते तव्यावर परतून कोरडं करते. आम्ही जेवायला बसतो, ती चुलीपाशी तापत असते. इतकी वर्षं मला वाटत होतं, आमचं घर मुळातच थंड आहे.

वॉर्ड गार झाल्यावर मी तिला कॉकचा सगळा प्रकार सांगितला आणि वारा घालत म्हटलं, "अगं, आपल्या घरातली ती गरम नळी तूच."

डोळे न उघडता ती म्हणाली, "अहो, एवढीच हौस होती, तर तोंडाचा कॉक बंद करायचा होतात."