डाव्या पंखाचं ठिगळ

रंगवलेली वस्तू दिसली की अक्का तिच्यावर आधी नख मारायच्या. मग तो देवळाचा खांब असो, शाळेचं फाटक असो, नाहीतर कुणाची कालच पेढे वाटून आणलेली मोटारसायकल. "खाली काय आहे ते तर बघू दे," म्हणायच्या. त्यामुळे धुळ्याच्या आमच्या कॉलनीत त्यांना गृहप्रवेशाला बोलवताना लोक दहादा विचार करत. मला मात्र ही खोड फार आवडायची, कारण रंगरंगोटीचा मलाही मनस्वी तिटकारा आहे.

पिंपळनेरच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि धुळ्याला पुतण्याकडे राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. थोरले भाऊ हवाई दलात होते. लढाईत गोळ्यांनी चाळण झालेलं लहानसं विमान त्यांनी कसंबसं परत आणलं, डाव्या पंखाला खालून ठिगळ मारून घेतलं आणि तेच घेऊन पुन्हा गेले. सुट्टीवर आल्यावर त्यांनी ते ठिगळ अंगणात खडूनं काढून दाखवलं होतं: विड्याच्या पानाच्या आकाराचं, कडेनं रिव्हेटांच्या खिळ्यांची दुहेरी रांग. पुढे दुसऱ्याच एका विमानासकट ते डोंगरांत नाहीसे झाले आणि घरच्यांच्या हाती काहीच आलं नाही. अस्थीसुद्धा नाहीत. "ज्यानं त्याला एकदा घरी आणलं, त्याला हात लावायचाय," एवढंच अक्कांचं म्हणणं होतं.

भाऊंच्या एका सोबत्यानं कधीतरी सांगितलं होतं की ते विमान जळगावच्या एका चौकात शोभेसाठी ठेवलंय. माझ्याकडे जुनी गाडी होती आणि बँकेतून निवृत्त झाल्यामुळे वेळही होता. आम्ही निघालो.

जळगावच्या त्या चौकात आता पुलाचा खांब उभा आहे. विमान कुठं गेलं, हे तिथे कुणाला सांगता येईना. शेवटी एका पानवाल्याला आठवलं. विमानाच्या नाकाला म्हणे बारा महिने कुणा ना कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचे फलक बांधलेले असत आणि चबुतऱ्यावर पिचकाऱ्या. हे सांगताना तो स्वतःही तोंडातला गुटखा सांभाळत होता. मला शिसारी आली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "लढाईतून वाचलं ते, चौकातून वाचलं नाही."

पूल आला तेव्हा विमान चोपड्याच्या एका कॉलेजच्या मैदानात नेऊन टाकलं होतं. तिथल्या शिपायानं सांगितलं की पंखांवर पोरं वाळत टाकायची कपडे आणि पोटात राहायच्या शेळ्या. प्राचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडे असं काही नव्हतंच. तेवढ्यात फाटकाजवळचा एक केळीचा ट्रकवाला पुढे आला. ते त्यानंच उचलून नेलं होतं. पंखांना ओरखडा येऊ नये म्हणून त्यानं खाली केळीचा पाला अंथरला होता. त्या सबंध फेरीत विमानाची कदर केलेला तो एकच माणूस भेटला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विमान कुठं उतरवलं ते विचारलं. उत्तर ऐकून मी कपाळावर हात मारला. आमच्याच धुळ्याबाहेर, हायवेवरच्या एका मंगल लॉन्समध्ये.

विमान लॉन्सच्या फाटकाशी होतं. गुलाबी आणि सोनेरी. आत वैमानिकाची जागा उखडून तांबडा मखमली सोफा बसवला होता, कारण नवरदेव आता घोड्यावरून नव्हे, यातून उतरतो. पोटावर हळदीच्या हातांचे ठसे होते. मालक आनंदानं पुढे आला. त्याला या सगळ्याचा केवढा अभिमान! अक्का वाकून डाव्या पंखाखाली गेल्या आणि हातानं चाचपत राहिल्या. तिथे सगळं गुळगुळीत होतं.

"इथलं ठिगळ?" त्यांनी विचारलं.

"काढी टाकं, अक्का," मालक म्हणाला. "बठ्ठा पत्रा नवा बसाडा. लगीनघरमा ठिगय चांगलं दिखस का?"

त्याला वाईट काहीच करायचं नव्हतं, हेच जास्त संतापजनक होतं. फाटकं-सांधलेलं मंगलकार्यात नको, एवढा साधा हिशेब. पंखाचा तो अख्खा जुना पत्रा स्वयंपाकाच्या बाजूला असेल म्हणाला.

तो होता. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होती आणि वारा लागू नये म्हणून तो आडवा लावला होता. तेलानं, काजळीनं माखलेला. अक्का धुरातच बसल्या, पदरानं काजळी पुसली. विड्याचं पान दिसलं, रिव्हेटांची दुहेरी रांग दिसली. त्या पानावर तळवा ठेवून त्या बराच वेळ बसल्या. शाळेतली स्वच्छ मराठी बोलणाऱ्या अक्का स्वतःशीच अहिराणीत म्हणाल्या, "याच ठिगयनी मन्हा भाऊले घर आनं."

मालकाला ओशाळल्यासारखं झालं. फ्रेम करतो, फाटकाशी लावतो, म्हणाला. मी म्हटलं, घरी नेऊ. अक्कांनी दोघांनाही नकार दिला. "हा त्याला सोनेरी रंग देऊन हार घालेल, आणि माझा पुतण्या माझ्यामागे भंगारात घालेल. त्यापेक्षा चूल बरी. इथे निदान कामाला येतोय." आणि खुशाल तिथेच बसून भरीत-भाकरी खाल्ली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का वारल्या. परवा त्यांच्या त्या पुतण्याच्या मुलीचं लग्न त्याच लॉन्सवर होतं. धूर, भोंगे, गुलाबी विमान. मी तडक मागे गेलो. चुलीला कोरा पत्रा होता. आचाऱ्याला जुन्याचं विचारलं.

"भोक पडी गयं त्याले," तो वांगं उलटवत म्हणाला. "फेकी दिधा."

कुठे, विचारलं तर त्यानं झाऱ्यानं मागचा नाला दाखवला. खरकटं, थर्माकोलच्या ताटल्या, सडकी फुलं, आणि उग्र वास. पुढे फटाके वाजले, नवरदेव उतरत असावा. मी लग्नाच्या कपड्यांत नाल्यात उतरलो आणि दोन्ही हातांनी ती घाण उपसू लागलो.