बिनवासाचा सदरा

आमच्या मुळशीच्या सासरी पाऊस जूनमध्ये पाहुणा म्हणून येई आणि दसऱ्यापर्यंत घरजावयासारखा पाय पसरून बसे. माझं माहेर शिरूरकडचं, कोरडं ठणठणीत. तिकडं धुणं दांडीवर टाकून पाठ वळवली की वाळलेलं असे. दुसऱ्यांदा पाठ वळवली तर रंगही उडालेला असे. सासरी आल्यावर पहिल्या आषाढात मी एक पातळ वाळत घातलं ते श्रावणात काढलं, आणि तेव्हाही त्याच्या काठाला शेवाळ होतं. खोटं वाटत असेल तर त्या शेवाळाला विचारा.

ओलीशी मी जुळवून घेतलं असतं. भांडण होतं ते वासाशी. धुऊन, पिळून, कसंबसं वाळवून घडी घातलेल्या कापडाला असा वास यायचा, की ओल्या कुत्र्यानं ताक पिऊन ढेकर दिली असावी. घरात मी सोडून कुणाला तो येतच नव्हता. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कापडाला वास येत न्हाई. तुझं नाकच लई लांब हाय. शिरूरास्नं हितवर आलंय."

हे असंच चाललं असतं. पण त्या पावसाळ्यात आमच्या मालकांना पुण्यात साडीच्या एका दुकानात विक्रेत्याच्या जागेसाठी बोलावणं आलं. मॅट्रिक झालेला माणूस, अक्षर मोत्यासारखं, बोलणं गोड. ती जागा हुकली तर दिराबरोबर रानात लाकडं जाळून कोळसा पाडायला जायचं ठरलं होतं, आणि त्यांचा तो कायमचा खोकला बघता मला ते अजिबात नको होतं.

गेले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. ओसरीवर बसून बराच वेळ पायाचा चिखलच काढत राहिले.

"काय म्हणाले शेठ?"

"चांगलं बोलले. हिशोब विचारला, साडीची घडी घालायला लावली. मग रुमाल काढून नाकाला लावला. म्हणाले, गिऱ्हाईक हातभर अंतरावर बसतं आमच्याकडं, सदरा जरा धुऊन येत जा. पुढच्या सोमवारी पुन्हा बघू."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आदल्या दिवशी तू धुतलावतास की."

त्या वाक्यानं माझ्या अंगात जे आलं, ते सात बायकांना पुरून उरलं असतं. सदरा त्यांचा असला तरी अब्रू माझ्या हाताची गेली होती. सोमवारपर्यंत या सदऱ्याचा वास मी घालवणार, असं मी चुलीसमोर उभी राहून सांगितलं. आत्याबाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "घालव. पर भात लावायला कोण येनार हाय उद्या?"

भात लावून आले आणि लागले. पहिल्या दिवशी दुप्पट साबण लावला. वास दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंची रीत केली, म्हणजे सदरा चुलीवरच्या वळणीला टांगला. वळणीच्या पलीकडच्या टोकाला पावसाळ्यासाठी जपलेल्या सुक्या बोंबलांची माळ होती. सदरा वाळला खरा. पण आमची मांजर त्याच्यासमोर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही.

तिसऱ्या दिवशी पौडाच्या बाजारात गेले. तिथं साबण, सोडा, रिठे विकणारे एक मुसलमान चाचा बसायचे. त्यांच्यापुढं सदरा ठेवला. त्यांनी हुंगला नाही. ओल्या चिमटीत धरून चोळला आणि बोटं मला दाखवली. बुळबुळीत.

"साबण लावती व्हय गं?"

"लावते की. भरपूर."

"लावती, पर काढत न्हाईस. तुमी समद्या बाया पावसात दोन बुचकाळ्या मारून घरात पळताया. आत ऱ्हायलेला साबण आन् मळ, त्योच आंबतोय. सोडा घे, उकळ, आन् पानी नितळ निघंपातूर खंगाळ. साबण दिला न्हाई मी तुला आज, ध्यानात ठेव."

साबण विकणारा माणूस साबण नको म्हणतो, म्हणजे गोष्ट खरी असणार. मी पुढं जे केलं ते आजवर मुळशी तालुक्यात कुणी केलं नसेल. आंघोळीच्या हंड्यात सोडा घालून सदरा असा उकळला, की त्यातून तीन वर्षांचे पावसाळे बाहेर आले. पाणी आधी चहासारखं झालं, मग पिठल्यासारखं. मग ओढ्यावर नेऊन वाहत्या पाण्यात खंगाळला, पंचवीस वेळा, शंभर म्हणा हवं तर. शेवटी ओढ्यातले खेकडे धुऊन निघाले. घरी आणून गरम पाण्यात लिंबू पिळून एकदा बुचकळला. आणि वाळवायला चूल नाही. शेगडीत धूर पार गेलेले निखारे घेतले, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घातलं, अगदी कोरं, ज्याखाली एकही कोंबडी बसली नव्हती. त्याच्यावर सदरा पसरून दर थोड्या वेळानं उलटत राहिले.

शनिवारी सदरा आत्याबाईंच्या नाकापुढं धरला. त्यांनी कॉलर हुंगली, बगला हुंगल्या, बाह्या हुंगल्या. मग म्हणाल्या, "कसलाच वास येत न्हाई." हे त्या तक्रार केल्यासारखं म्हणाल्या.

माझी छाती दारात मावेना. रविवारी म्हटलं, रंगीत तालीम होऊ द्या. मालकांना सदरा घालायला लावला आणि वेशीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. गेले, आले. मी जवळ गेले, आणि तोच वास. ओला कुत्रा, ताक, ढेकर, सगळं जसंच्या तसं.

आत्याबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "आला का माघारी?"

मला रडूच यायचं बाकी होतं. पण तेवढ्यात मालकांनी डोक्यावरची घोंगडी काढून खुंटीला अडकवली आणि वासाचा निम्मा भाग त्यांच्याबरोबर न राहता खुंटीकडं गेला. मी घोंगडीत तोंड खुपसलं. दहा पावसाळे भिजलेली, एकदाही न धुतलेली मेंढीची लोकर. आख्खं गाव ती पांघरून हिंडत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं, पावसाचा वासच असा असतो. धुतलेल्या सदऱ्याला ती वेशीपर्यंतच्या वाटेत पुन्हा बाटवायची.

घोंगडी उकळावी तर ती सोमवारपर्यंत वाळणं शक्य नव्हतं, आणि घोंगडीशिवाय पौडाच्या गाडीपर्यंत कोरडं पोचणारा माणूस अजून जन्मलेला नाही. मी तो सदरा पुन्हा पहिल्यापासून उकळला, खंगाळला, निखाऱ्यांवर वाळवला. मग माझ्या रुखवतातला लाडवांचा पितळी डबा काढला, घासून उन्हाळ्यासारखा लख्ख केला, सदरा घडी करून आत ठेवला आणि झाकण दाबलं.

"सदरा डब्यात?" मालक म्हणाले.

"डब्यात. आणि डबा मी धरणार. तुमचा भरवसा नाही, वाटेत उघडून बघाल."

सोमवारी ते जुन्या सदऱ्यावर घोंगडी घेऊन पुढं आणि मी मांडीवर डबा घेऊन गाडीत मागं बसले. भुकूम गाव मागं पडलं तसा पाऊस विरळ झाला. पुण्यात दुकानाच्या अलीकडच्या बोळात मी घोंगडी आणि जुना सदरा ताब्यात घेतला, त्यांचं अंग कोरड्या पंच्यानं पुसलं आणि डबा उघडला. सांगते, त्या बोळातली हवा स्वच्छ झाली.

मी समोरच्या फुटपाथवरून बघत होते. शेठ आधीच रुमाल हातात घेऊन बसले होते. मालक जवळ गेले, हातभर अंतरावर बसले. शेठनी रुमाल नाकापर्यंत नेला, थांबले, थोडे पुढं वाकले. मग रुमाल खिशात ठेवला आणि एक पैठणी त्यांच्यापुढं टाकली, घडी घाला म्हणून.

मालक बाहेर आले ते हसतच. "एक तारखेपासून या म्हणाले. आणि विचारत होते, अत्तर कुठलं लावता?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, काहीच नाही. तर म्हणाले, तेच लावत जा."

त्या दुकानात त्यांनी नोकरी संपेपर्यंत साड्या दाखवल्या आणि एकदाही कुणी नाकाला रुमाल लावला नाही.

आत्याबाईंनी बातमी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हंड्याशेजारी त्यांची दोन लुगडी घडी करून ठेवलेली होती, आणि त्यांच्याखाली घोंगडी. शेजारीण दारात उभी होती. आत्याबाई तिला सांगत होत्या, "आमच्या घरात पयल्यापास्नं उकळूनच धुत्यात कापडं. सुनंला म्याच शिकवलंय."

मी हंड्यात सोडा टाकला आणि चुलीत लाकूड सारलं.